इसब : नांव एक, कुळें अनेक

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांत, यशोदा नदीच्या खोऱ्यांत, अल्लीपूर हें गांव आहे. भोंवतालीं काळी जमीन. कपाशी, तूर, सोयाबीन हीं पिकें. पावसाळ्यांत चिखल आणि उन्हाळ्यांत विदर्भाचें प्रसिद्ध ऊन. अशा गांवांत एखाद्या तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल चट्टे उठून पाझरूं लागले, भांडीं घासणाऱ्या बाईच्या बोटांना चिरा पडल्या, दिवसभर उभें राहून धंदा करणाऱ्या दुकानदाराचा घोटा काळवंडून खाजूं लागला, अगर शेतांत निंदण करणाऱ्या माणसाची मान व पापण्या सुजून जाड झाल्या, तर या चारहि दुखण्यांना एकच नांव मिळतें – इसब. शहरांतील सुशिक्षित घरांतून त्या शब्दाच्या जागीं ‘एक्झिमा’ हा शब्द आला एवढेंच. शब्द बदलला, समजूत मात्र पुष्कळशी तीच राहिली. वास्तविक या चौघांचीं कारणें निराळीं, वाटा निराळ्या आणि उपायहि निराळे. एकाला जें तेल सुखकर तें दुसऱ्याला विष ठरावें इतकें अंतर त्यांत आहे. ‘इसब झाला’ या वाक्यावर न थांबतां ‘कोणता इसब?’ असें विचारण्यास वैद्यकाला फार काळ लागला. त्या प्रश्नाचा हा इतिहास आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रांतच घडलेला आहे.

प्राचीन भारतीय वैद्यांनीं या दुखण्यांची वाटणी केलीच नव्हती असें नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सातव्या अध्यायांत कुष्ठाचे अठरा प्रकार दिले आहेत : सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें. या अकरांत दद्रू म्हणजे गजकर्ण आहे, पामा आहे, हातापायांना भेगा पाडणारें वैपादिक आहे, आणि अखेरीस विचर्चिका आहे. खाज, सांवळ्या रंगाच्या पुटकुळ्या व पुष्कळ स्राव हीं चरकांनीं विचर्चिकेचीं लक्षणें सांगितलीं. सुश्रुतांनीं त्याच नांवाखालीं कोरडेपणा, रेघा आणि तीव्र कंडू यांचें वर्णन केलें. एकानें ओला इसब पाहिला, दुसऱ्यानें सुका, असें आज म्हणतां येईल. निरीक्षण सूक्ष्म होतें यांत शंका नाहीं. परंतु या सर्वांवर ‘कुष्ठ’ हें एकच छत्र धरलें गेलें, आणि पुढें लोकव्यवहारांत तोच शब्द महारोगाला जाऊन चिकटला. ग्रंथांत ‘क्षुद्र’ म्हणून बाजूला ठेवलेलें दुखणेंहि ‘कुष्ठ’च असल्यामुळें, चट्टा कसलाहि असो, पाहणाऱ्याच्या मनांत पहिली शंका महारोगाची येऊं लागली.

ही शंका किती महाग पडत असे हें वर्धा जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. अल्लीपूरच्या उत्तरेस, वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं विनोबांच्या प्रेरणेनें कुष्ठरोग्यांच्या सेवेचें कार्य आरंभिलें. सेवाग्राम आश्रमांत संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा गांधीजींनीं स्वतःच्या हातांनीं केली. पुढें १९५१ सालीं गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था निघाली, व डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखालीं सेवाग्रामच्या परिसरांत घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि औषधोपचार अशी तिहेरी पद्धत प्रथम अंमलांत आली. रोगी दवाखान्यांत येण्याची वाट न पाहतां दवाखान्यानेंच गांवांत जावें, हा त्यांतील नवा विचार.

या तपासणींतलें एक हत्यार कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला शोभणारेंच होतें : कापसाची एक बारीक वात. रोग्यानें डोळे मिटावे, चट्ट्यावर वातीचा हलका स्पर्श करावा, आणि स्पर्श कोठें झाला तें त्यानें बोटानें दाखवावें. महारोगांत मज्जातंतू मरतात, म्हणून चट्टा बहुधा बधिर असतो; त्याला स्पर्श कळत नाहीं आणि त्याला सहसा खाजहि नसते. इसबाची गोष्ट नेमकी उलट. त्याची संवेदना जागी, किंबहुना नको इतकी जागी असते. रात्रीं झोंप उडविणारी खाज हीच त्याची खूण. ही परीक्षा प्रत्येक वेळीं पुरेशी पडते असें नाहीं, महारोगाचे कांहीं चट्टे आरंभीं बधिर नसतात. तरीसुद्धां ज्याचा चट्टा केवळ इसब आहे अशा माणसाला बहिष्काराच्या धाकांतून सोडविण्याचें सामर्थ्य त्या वातींत होतें. महारोगावर आज पूर्ण गुणकारी औषध आहे, म्हणून तो धाकहि मुळांत निराधार ठरला आहे, ही गोष्ट निराळी.

आतां युरोपाकडे वळलें पाहिजे. कारण ‘एक्झिमा’ या नांवाची जन्मकथा तिकडची आहे, आणि ती मराठी माणसाला अनपेक्षित रीतीनें ओळखीची वाटेल. हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ ‘उकळून वर येणें’, ‘उतूं जाणें’ असा आहे. दूध उतूं जातें तशी कातडी आंतून उतूं जाते, ही त्यामागची कल्पना. सहाव्या शतकांतील एटियस या वैद्याच्या ग्रंथांत हा शब्द येतो. मग तो शेंकडों वर्षें पडून राहिला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका धर्मार्थ दवाखान्यांत काम करणाऱ्या रॉबर्ट विलन यांनीं तो उचलला. झाडांचें वर्गीकरण जसें पानाफुलांच्या आकारावरून करतात, तसें त्वचेच्या रोगांचें वर्गीकरण पुरळाच्या आकारावरून करावें, असा विलन यांचा संकल्प होता. १८१२ सालीं ते वारले, आणि अपुरें काम त्यांचे शिष्य थॉमस बेटमन यांनीं तडीस नेलें. बेटमन यांनीं एक्झिमाचे जे प्रकार मांडले त्यांत उन्हानें होणारा एक, पाऱ्याच्या औषधानें होणारा दुसरा, आणि साखर हाताळणारे वाणी व चुना कालवणारे गवंडी यांच्या हातांवर दिसणारा तिसरा होता. म्हणजे आरंभींच ऊन, औषध आणि धंदा हीं तीन बाहेरचीं कारणें त्यांच्या दृष्टीस पडलीं होतीं. पुढच्या पिढ्या आकाराच्या नादीं लागल्या, आणि एकेका पुटकुळीला नवें लॅटिन नांव देण्याचा हव्यास इतका वाढला कीं रोग बाजूला राहून कोश मोठा झाला.

तो पसारा आवरला व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनीं. त्यांची युक्ति साधी होती. निरोगी त्वचेवर त्यांनीं जमालगोट्याचें तेल चोळलें. प्रथम लाली, मग पुटकुळ्या, मग स्राव, मग खपल्या आणि शेवटीं कोंडा, अशा सर्व अवस्था एकाच जागीं, एकामागून एक उमटल्या. ज्यांना निरनिराळे रोग समजत होते त्या एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत, हें यावरून सिद्ध झालें. खरूज ही दूषित रक्तामुळें होत नसून एका किड्यामुळें होते, हें पटवून देण्यांतहि याच हेब्रांचा मोठा वांटा आहे. त्यामुळें खरूज इसबाच्या कुळांतून कायमची बाहेर पडली.

जमालगोट्याच्या या प्रयोगासाठीं महाराष्ट्रांतल्या घरांना व्हिएन्नाला जाण्याची जरूर नव्हती. येथें बिब्बा होता. विदर्भाच्या रानांत बिब्ब्याचीं झाडें आहेत. त्याच्या आंतली गोडंबी लोक आवडीनें खातात, आणि कवचांतलें काळें तेल पायाच्या भेगांवर गरम करून लावतात. तें तेल कांहीं जणांना मुळींच सोसत नाहीं. लावलेल्या जागीं, पुष्कळदां न लावलेल्या जागींहि, अंग सुजतें, फोड येतात, पाणी वाहतें. याला मराठींत म्हणतात ‘बिब्बा उतला’. ग्रीक वैद्यानें कातडीच्या दुखण्यासाठीं जी उपमा योजली तीच मराठी घरांनीं, एकमेकांची ओळखदेख नसतां, योजली आहे. शिवाय येथें ग्रीकांच्या पुढें एक पाऊल आहे : उतलें काय हें सांगतांना कशानें उतलें तेंहि त्या दोन शब्दांत आलें. चांगल्या चाललेल्या कामांत ‘बिब्बा घालणें’ हा वाक्प्रचारहि मराठीनें बनविला. चरकांनींहि भल्लातक हें अग्नीसारखें तीक्ष्ण असल्याचें बजावून, तें घेण्यापूर्वीं तोंडाला आंतून तूप लावण्यास सांगितलें आहे.

या बिब्ब्यानें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन लष्करी डॉक्टरांना चांगलेंच कोड्यांत टाकलें. भारतांत उतरलेल्या त्यांच्या सैनिकांना मानेच्या मागें, कमरेला अगर पायावर इसबाचे लहान लहान पण फार त्रासदायक चट्टे उठूं लागले. शोध घेतां चट्टा आणि कपड्यावरची परटाची खूण समोरासमोर येतात असें आढळलें. कपडे ओळखूं यावे म्हणून परीट बिब्ब्याच्या रसानें न धुपणारी खूण करीत असे, आणि ती सदऱ्याच्या गळपट्टीवर असल्यास चट्टा मानेवर येत असे. १९४३ सालीं लिव्हिंगगुड व त्यांचे सहकारी यांनीं हें दुखणें ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ या नांवानें प्रसिद्ध केलें. आपल्या लोकांना न बाधणारी खूण अमेरिकनांना कां बाधावी? त्यांच्या देशांत ‘पॉयझन आयव्ही’ नांवाची एक वेल आहे. ती आणि बिब्बा एकाच वनस्पतिकुळांतलीं, आणि त्यांचीं विषेंहि सख्खीं भावंडें. लहानपणीं रानांत त्या वेलीशीं ज्यांची गांठ पडली, त्यांची कातडी बिब्ब्याला पाहतांच जणूं ओळखत होती. आंबा आणि काजू हेहि त्याच कुळांतले, हें कैरीचा चीक ओठाला लागून तोंड आलेल्या मुलांच्या आयांना सांगावयास नको.

या ‘ओळखीचें’ शास्त्र त्यापूर्वीं अर्धशतक जन्मास आलें होतें. १८९५ सालीं योसेफ याडासोन या जर्मन वैद्यानें असें दाखविलें कीं, ज्या पदार्थाचा संशय असेल तो निरोगी त्वचेवर पट्टीखालीं बांधून ठेवावा. संशय खरा असेल तर तेवढ्याच जागीं, तेवढाच लहानसा इसब उमटतो. हीच पट्टी-परीक्षा. आज पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवसांनीं पट्टी काढतात, आणि पुन्हां एकदोन दिवसांनीं खूण वाचतात. कुंकवांतील रंग, टिकलीचा डिंक, खोट्या दागिन्यांतील निकेल, चपलेचें रबर, सिमेंटमधील क्रोमियम यांच्यावरचे आरोप न्यायालयासारखे सिद्ध अगर असिद्ध करणारी ही रीत आहे. पदार्थ सांपडला आणि टाळतां आला, तर असा इसब बरा होतो. नुसत्या मलमानें तो दबतो व पुन्हां येतो.

मात्र सगळे इसब बाहेरून येत नाहींत. तान्ह्या मुलांच्या गालांवर येणारा, पुढें कोंपर व गुडघ्यांच्या वळींत घर करणारा इसब घराण्याबरोबर येतो. पॅरिसच्या बेनिये यांनीं १८९२ सालीं दाखवून दिलें कीं, अशा रोग्यांना व त्यांच्या आप्तांना पुष्कळदां दमा व शिंकांचा विकारहि असतो. १९२३ सालीं अमेरिकेंत कोका व कुक यांनीं या वंशगत वृत्तीला ‘अॅटोपी’ हें नांव दिलें, आणि १९३३ सालीं वाइझ व सल्झबर्गर यांनीं त्या इसबाला ‘अॅटोपिक डर्मटायटिस’ म्हटलें. ‘इसब बाहेर येऊं द्यावा, मलमानें दाबला तर आंत जाऊन दमा होतो’ ही समजूत पुष्कळ घरांतून अजून आहे, आणि तिच्यापायीं कितीतरी मुलें रात्रभर खाजवीत राहिलीं आहेत. दोन दुखणीं एकाच घरांत पाठोपाठ येतात हें तिच्यांतलें निरीक्षण खरें. एकाला दाबल्यामुळें दुसरें येतें हा निष्कर्ष खोटा. तीं एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. २००६ सालीं त्या झाडाच्या मुळाचा एक धागा हातीं आला. ‘फिलॅग्रिन’ हें प्रथिन कातडीची बाहेरची भिंत घट्ट ठेवतें. कांहीं घराण्यांत त्याचा जनुक सदोष असतो, भिंतीला फटी राहतात, ओलावा बाहेर जातो आणि उपद्रव आंत शिरतो. अशा मुलाला साबणानें घासून काढणें म्हणजे भिंतीचा उरलासुरला गिलावा खरवडणें होय. स्नानानंतर लगेच तेलकट मलम लावणें हा येथें उपचाराचा पाया आहे.

राहिलेल्या कुळांची ओळख थोडक्यांत होते. नाण्यासारख्या वाटोळ्या चट्ट्यांचा इसब फ्रान्सच्या देवेर्जी यांनीं १८५७ सालीं वेगळा काढला. डोक्यांत, भिवयांत व नाकाच्या कडेला कोंड्यासारखा येणारा प्रकार जर्मनीच्या उन्ना यांनीं १८८७ सालीं वर्णिला. तळहातांच्या कडेनें साबुदाण्यासारख्या पुटकुळ्या आणणाऱ्या प्रकाराचें वर्णन लंडनच्या टिलबरी फॉक्स यांनीं १८७३ सालीं केलें. हेच फॉक्स भारतांतल्या त्वचारोगांवर ग्रंथ लिहिणारे. आरंभीं आलेल्या दुकानदाराच्या घोट्याचा इसब हा खरें म्हणजे शिरांचा रोग आहे. पायांतलें रक्त वर चढत नाहीं म्हणून कातडी कुजते, आणि पाय उंच ठेवणें व पट्टी बांधणें यांवांचून तेथें कोणतेंहि मलम टिकत नाहीं.

१९५२ सालीं सल्झबर्गर व विटन यांनीं हायड्रोकॉर्टिझोन हें स्टेरॉइड त्वचेवर लावून पाहिलें, आणि बहुतेक सर्व इसबांना उतार देणारें एक औषध प्रथमच हातीं आलें. पण ज्या औषधानें सगळे इसब शमतात त्यामुळें ‘कोणता इसब?’ हें विचारण्याची निकडहि कमी झाली. औषधाच्या दुकानांतून विचारपूस न करतां मिळणारीं मिश्र मलमें गजकर्णावर लावलीं गेलीं. खाज थांबली, बुरशी मात्र निर्धास्त पसरली. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा मलमांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तोंवर पुष्कळ नुकसान होऊन गेलें होतें.

आतां उरला तो शेतांत निंदण करणारा मनुष्य. त्याचा इसब कोणत्याहि जुन्या ग्रंथांत नाहीं, कारण त्याचें कारण या भूमींत फैलावलें तेंच अलीकडे. १९५५ च्या सुमारास पुण्यांत उकिरड्यांवर व पडीक जागांत पांढऱ्या बारीक फुलांचें एक नवें झुडूप दिसूं लागलें, आणि १९५६ सालीं आर. एस. राव यांनीं त्याची शास्त्रीय नोंद केली. पार्थेनियम हिस्टरोफोरस हें त्याचें नांव. तें मूळचें अमेरिका खंडांतलें. पानें गाजरासारखीं म्हणून लोकांनीं त्याला गाजरगवत म्हटलें, आणि सरकारी गव्हाबरोबर आलें या समजुतीनें काँग्रेस गवतहि म्हटलें. प्रसिद्ध ‘पी. एल. ४८०’ चा करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे झुडूप पुण्यांत दिसल्यानंतरचा. तथापि अमेरिकन गहूं १९५१ पासूनच येत होता, तेव्हां लोकांचा तर्क अगदींच टाकाऊ ठरत नाहीं.

एकेक झुडूप हजारों बिया टाकतें आणि गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत. त्यामुळें कांहीं वर्षांत तें रस्त्यांच्या कडेनें, रेल्वेच्या रुळांलगत, बांधांवरून देशभर गेलें. आणि त्याच्या मागोमाग एक विलक्षण इसब येऊं लागला. डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनीं १९६८ सालीं त्याची पहिली नोंद केली. १९७४ सालीं लोणकर यांनीं मिचेल व कॅल्नन या परदेशी तज्ज्ञांसह त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. रोगी बहुधा प्रौढ पुरुष, उघड्यावर काम करणारे. चट्टे चेहऱ्यावर, मानेवर, कोंपरांच्या वळींत. पहिल्या दृष्टीला हा उन्हाचा विकार वाटतो. पण उन्हाच्या विकारांत हनुवटीखालची, कानामागची आणि वरच्या पापणीची सांवलींतली जागा वांचते, आणि या इसबांत नेमकी तीच जागा धरली जाते. कारण वाऱ्यावर उडणारी वाळलेल्या पानांची, केसांची व फुलोऱ्याची धूळ सांवली पाहत नाहीं. पट्टी-परीक्षेंत त्या झुडुपाचा अर्क लावतां पाठीवर फोड उठले, आणि ‘पार्थेनिन’ हें त्यांतील मुख्य द्रव्य अपराधी ठरलें.

याडासोनचा नियम असा कीं पदार्थ ओळखावा आणि टाळावा. टिकली टाळतां येते, चप्पल बदलतां येते, परटाला खूण करूं नको म्हणून सांगतां येतें. अल्लीपूरच्या शेतकऱ्यानें बांधावरची हवा कशी टाळावी? त्याचा इसब पहिल्या वर्षीं पावसाळ्यापुरता येतो आणि हिंवाळ्यांत जातो. कांहीं वर्षांनीं तो बारमाही होतो, कातडी जाड व काळी पडते, ऊनहि सोसेनासें होतें, आणि मग ज्या शेतावर घर चालतें त्या शेतांत पाऊल टाकणें हाच अपाय ठरतो. अंगभर कपडे, तोंडाला उपरणें, कामावरून येतांच स्नान, आणि झुडूप फुलावर येण्यापूर्वीं दुसऱ्या कोणाकडून तरी, हातमोजे घालून, मुळासकट उपटून घेणें, एवढें त्याच्या हातांत राहतें. रोग फार वाढला तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं प्रतिकारशक्ति मंदावणारीं औषधें घ्यावीं लागतात. खरी भीति ज्यांना अजून इसब झालेला नाहीं त्यांच्याविषयींची आहे. कारण वर्षानुवर्षें निर्धास्तपणें तें गवत उपटणाऱ्या हातांनाच एके दिवशीं त्याची ‘ओळख’ पटते, आणि एकदां पटलेली ती ओळख सहसा पुसत नाहीं.

गवताचा शत्रूहि त्याच्याच देशांतून आणावा लागला. झायगोग्रामा नांवाचा एक लहानसा भुंगेरा मेक्सिकोहून बंगळूर येथें आणून, तो पिकांना उपद्रव देत नाहीं अशी तपासणी करून, १९८४ सालीं मोकळा सोडण्यांत आला. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताचीं पानें खाऊन कांहीं ठिकाणीं झुडूप खराट्यासारखें करून टाकतात. पावसाळा संपल्यावर हा भुंगेरा मातींत शिरून झोंपी जातो आणि पुढल्या पावसाबरोबर वर येतो. गाजरगवताला मात्र तेवढी विश्रांति लागत नाहीं. जेथें ओल असेल तेथें तें हिंवाळ्यांतहि उगवतें, आणि पाटाच्या कडेनें फुलत राहतें.